कॅलेंडरवरचा ठिपका

माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक तरुण रेसिडेंट डॉक्टर केसपेपर भरायला आले. वय किती, मुलं किती, अंगावर किती महिने पाजलं, घराण्यात कुणाला कॅन्सर होता का, सगळं भराभर विचारून झालं. मग शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या कुणाच्या तरी मुलाकडे नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "पाळी?" ताई त्याहून हळू म्हणाली, "येते." "रेग्युलर?" "हो." रकान्यात 'रेग्युलर' लिहून ते पुढच्या खाटेकडे गेले. त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्यांच्या काखेत अजून कागदांचा गठ्ठा होता. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, हे मात्र कुणी विचारलं नाही. ताईला ती तारीख तोंडपाठ होती. तिच्या ओट्यावरच्या कॅलेंडरमध्ये दुधाच्या खाड्यांशेजारी, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, दर महिन्याला एक लाल ठिपका असतो. लग्न होऊन आली तेव्हापासून.

त्या ठिपक्याचा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनशी काही संबंध असतो का? हा प्रश्न वैद्यकशास्त्राने पस्तीसएक वर्षांपूर्वी गांभीर्याने विचारला, त्यावरून कडाक्याचे वाद झाले आणि मग तो जवळजवळ विसरला गेला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ऑपरेशनची तारीख पाळी बघून ठरवू नये. पण पाळीची तारीख प्रत्येक केसपेपरवर लिहिली गेलीच पाहिजे. पहिलं वाक्य सर्जन लोकांना लगेच पटतं. दुसरं ऐकून ते "त्याने काय होणार?" असं विचारतात. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या विल्यम ह्रुशेस्की यांचा एक छोटा लेख आला. त्याआधी त्यांनी उंदरांच्या माद्यांवर प्रयोग केले होते. मादीच्या ऋतुचक्राच्या कोणत्या टप्प्यावर गाठ काढली, यावर पुढे फुप्फुसात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण बदलत होतं. मग त्यांनी माणसांच्या जुन्या नोंदी उघडल्या. पाळी चालू असलेल्या फक्त ४४ बायका. ज्यांचं ऑपरेशन चक्राच्या मध्यावर, साधारण सातव्या ते विसाव्या दिवसात झालं होतं, त्या बऱ्या राहिल्या. पाळीच्या आगेमागे ज्यांचं झालं, त्यांच्यात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका चौपटीहून जास्त दिसला. ४४ हा आकडा म्हणजे एका बसमधली माणसं. तरी खळबळ उडाली, कारण दावा खरा असता तर उपाय फुकट होता. नवं औषध नको, नवं यंत्र नको, तारीख तेवढी बदलायची.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला अभ्यास आला. पहिलं नाव होतं राजेंद्र बडवे. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झालेले, तेच. १९७५ ते १९८५ या काळात ऑपरेशन झालेल्या, पाळी न गेलेल्या २४९ बायकांच्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. बाकीच्या दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. तीस टक्क्यांचा फरक! कॅन्सरच्या जगात दोन-चार टक्क्यांसाठी कोट्यवधींची औषधं निघतात. हा फरक मुख्यतः काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचलेल्या बायकांमध्ये होता.

यामागचा तर्क असा. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनची चढती कमान असते आणि त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, जवळजवळ नसतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. गाठ कापताना, हाताळताना थोड्याफार पेशी रक्तात सुटतातच. त्या सुटलेल्या पेशी कुठे रुजतील की मरतील, हे त्या दिवशीच्या शरीरातल्या हवामानावर अवलंबून असेल, तर इस्ट्रोजेन एकटं असतानाचे दिवस वाईट. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. बी तेच, वाफसा वेगळा.

आता इथे थोडं थांबून दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून बघा. ह्रुशेस्कींच्या हिशेबात सातवा ते बारावा दिवस चांगल्या दिवसांत येतो. बडव्यांच्या हिशेबात तेच दिवस वाईट. दोघांनीही 'पाळीचा परिणाम होतो' असंच म्हटलं, पण कोणत्या बाजूने होतो यावर त्यांचं जमत नव्हतं. जुन्या नोंदी घेऊन महिन्याची रेघ हवी तिथे कापली, तर कुठे ना कुठे फरक सापडणारच. संख्याशास्त्र शिकवणारा कोणताही मास्तर हे पहिल्या महिन्यात सांगतो.

तरी प्रश्न मेला नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमधल्या अभ्यासाने पहिल्या पंधरवड्यातल्या ऑपरेशननंतर आजार जास्त उलटतो असं सांगितलं. १९९४ मध्ये मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी १,१७५ बायकांचा हिशेब मांडला. काखेत आजार असलेल्यांना दुसरा पंधरवडा हितकर. वेरोनेसी म्हणजे अख्खा स्तन न काढता गाठच काढून भागतं हे सिद्ध करणाऱ्यांपैकी एक, त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नव्हतं. दुसरीकडे तितक्याच चांगल्या ठिकाणांहून 'काहीही फरक नाही' असे अहवाल येत राहिले. दहा वर्षं असाच रस्सीखेचीचा खेळ चालला.

या गोंधळाचं मूळ मला त्या केसपेपरच्या रकान्यात दिसतं. बहुतेक अभ्यास जुन्या कागदांवर उभे होते आणि जुन्या कागदांवर तारीख बहुतेक वेळा नव्हतीच. म्हणजे ज्यांची तारीख योगायोगाने लिहिली गेली, तेवढ्याच बायका मोजल्या गेल्या. ज्यांची होती, त्यांचाही 'दिवस' म्हणजे टप्पा नव्हे. चोवीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज साधारण दहाव्या दिवशी सुटतं, पस्तीस दिवसांनी येणारीचं एकविसाव्याच्या आसपास. कारण चक्राचा उत्तरार्ध साधारण चौदा दिवसांचा असतो, लांबतो-आखडतो तो पूर्वार्ध. मग 'बारावा दिवस' म्हटल्यावर दोघी एकाच खान्यात पडतात आणि त्यांच्या रक्तातली परिस्थिती मात्र उलटी असते. शिवाय कॅन्सरचं नाव ऐकल्यावर भल्याभल्यांची पाळी चुकते. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजल्याशिवाय टप्पा खात्रीने सांगता येत नाही, आणि ते सहसा कुणी मोजून ठेवलं नव्हतं.

शेवटी कुणीतरी नीट मोजलं. ब्रिटनमध्ये ४१२ बायकांचा अभ्यास आधीपासून आखून केला गेला, ऑपरेशनच्या सुमारास रक्त घेऊन हार्मोन तपासले गेले. २००८ मध्ये निकाल आला. तीन वर्षांपर्यंत तरी काही फरक नाही. २००९ मध्ये अमेरिकेतला, हजाराहून जास्त बायका घेतलेला अभ्यास आला. पाच वर्षांनंतर दोन्ही पंधरवड्यांतल्या बायकांची स्थिती जवळपास सारखी. मधल्या काळात औषधंही बदलली होती. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी), किमो असे पुढचे उपचार बहुतेकींना मिळू लागले होते आणि सत्तरच्या दशकातला फरक त्यांनी पुसून टाकला असणं शक्य आहे. कारण काहीही असो, आज उपलब्ध पुराव्यावर कुठल्याही बाईला 'थांबा, पंधरा दिवसांनी या' असं म्हणायला आधार नाही.

उलट थांबवण्याची किंमत माहीत आहे. २०२० मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. आणि हे झालं आकड्यांचं. परळला उपचाराला आलेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागलेली, गावाकडे दोन पोरं जावेच्या भरवशावर टाकून आलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिला आधीच आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. ऑपरेशन थिएटरच्या लिस्टमध्ये तिचं नाव आलं त्या दिवशी तिच्या चक्राचा अकरावा दिवस आहे म्हणून नाव खोडायचं? माझ्या ओळखीच्या एका सुशिक्षित बाईने कुठेतरी हे जुने अभ्यास वाचले आणि ऑपरेशन होऊन गेल्यावर बोटांवर दिवस मोजत बसली. नववा दिवस निघाला. वर्षभर तिने ते ओझं वाहिलं. तशी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून पहिलं वाक्य मी इतकं ठासून लिहिलं.

मग दुसऱ्या वाक्याचा हट्ट कशासाठी? त्यासाठी मुंबईत पुढे काय झालं ते बघावं लागेल, कारण या कहाणीतला सगळ्यात रंजक भाग तिथेच आहे.

बडवे लंडनहून परतले ते हा प्रश्न घेऊनच. त्यांनी तो उलटा करून मांडला. बाईला तारखेसाठी थांबवण्यापेक्षा तारीखच सुईतून देता आली तर? प्रोजेस्टेरॉनमुळे उत्तरार्ध हितकर ठरत असेल, तर ऑपरेशनच्या पाच ते चौदा दिवस आधी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन द्यायचं. हे औषध जुनं, स्वस्त आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचं. १,००० बायका चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागल्या. २०११ मध्ये निकाल छापून आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण काखेत आजार पोचलेल्या ४७१ जणींमध्ये पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या ६५.३ टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांत ५४.७ टक्के. हयात असलेल्या ७५.७ विरुद्ध ६६.८. मुख्य प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलेलं असताना उपगटातला 'हो' जपूनच हातात घ्यावा लागतो, हे मान्य. पण हा उपगट आधीपासून आखलेला होता, आणि लंडन व मिलानच्या जुन्या अभ्यासांतही फरक नेमका याच बायकांत दिसला होता. एवढं जुळून येत असेल तर मी तरी ते केराच्या टोपलीत टाकणार नाही.

२०१५ मध्ये केंब्रिजच्या जेसन कॅरल यांच्या गटाने पेशींच्या आत डोकावून दाखवलं की प्रोजेस्टेरॉनचं ग्राहक-प्रथिन (हार्मोन ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन) जागं झालं की ते इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला डीएनएवरच्या वेगळ्या जागी नेऊन बसवतं, आणि त्यामुळे गाठीची वाढ मंदावते. १९९१ मध्ये जो नुसता तर्क होता, त्याला पंचवीसेक वर्षांनी बऱ्यापैकी हाडंमांस मिळालं.

त्याच वाटेने पुढे आणखी एक गोष्ट निघाली. ऑपरेशनचा दिवस हा कॅन्सरसाठीही निर्णायक दिवस असतो, ही कल्पना धरून टाटाच्या नेतृत्वाखाली देशातल्या अकरा केंद्रांत १,६०० बायकांवर चाचणी झाली. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं, गाठीभोवती साध्या लिडोकेनचं इंजेक्शन. दात काढताना देतात ते. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. याचा पाळीशी थेट संबंध नाही. पण चाकू लागण्याच्या आगेमागे शरीरात काय चाललंय, याकडे बघायची सवय त्या ठिपक्याच्या प्रश्नातूनही लागली असावी, असं मला वाटतं. उत्तर चुकलं तरी प्रश्न नापीक नव्हता.

आता केसपेपरकडे परत येऊ.

स्तनाचा एमआरआय करायचा असेल तर रेडिऑलॉजी विभाग पाळी न गेलेल्या बाईला तारीख विचारतो. शक्यतो सातव्या ते चौदाव्या दिवसात बोलावतो, कारण इतर दिवसांत निरोगी भागही उजळून दिसतो आणि गाठ ओळखणं अवघड होतं. एक्स-रेच्या खिडकीवर तारीख विचारतात, पोटात बाळ असेल तर म्हणून. वंध्यत्वाच्या दवाखान्यात तर अख्खा कारभार तारखेवर चालतो. स्तन स्वतः तपासायचा तो पाळी संपल्यावर, हे आरोग्य शिबिरात आशाताईही सांगते. म्हणजे या अवयवावर चक्राचा परिणाम होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच अवयवावर ऑपरेशन करताना मात्र 'रेग्युलर' एवढं पुरतं.

याचं स्पष्टीकरण नुसत्या घाईगर्दीत सापडत नाही. वैद्यकाने बाईचं चक्र ही 'अडचण' मानली. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं, आणि ती भूमिका १९९३ पर्यंत टिकली. गर्भाची काळजी हे कारण खरं होतंच, पण महिन्याभरात बदलणारं शरीर मोजायला किचकट, हेही होतं. किचकट म्हणून जे मोजायचं टाळलं, त्याला पुढे 'महत्त्वाचं नाही' असं नाव पडलं. आपल्याकडे त्याला जोड मिळाली कावळ्याची. ज्या घरात 'कावळा शिवला' म्हणून बाई कोपऱ्यात बसायची, त्या घरातून आलेली पेशंट आणि त्याच घरातून आलेला डॉक्टर. तारीख विचारणाराही संकोचतो, सांगणारीही. मग 'रेग्युलर' हा शब्द दोघांची सुटका करतो.

आणि गंमत बघा, चक्र बदलायला आपला समाज अजिबात कचरत नाही. गौरी-गणपतीच्या आठवड्यात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर उभं राहा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मिळतात. नॉरइथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं औषध. सत्यनारायण, लग्न, पंढरीची वारी, कशासाठीही घेतात. गौरी जेवायच्या आहेत म्हणून ती तारीख घरातल्या सगळ्यांना माहीत असते, सासऱ्यांनासुद्धा. ऑपरेशनच्या आदल्या महिन्यात कुणी अशा गोळ्या घेतल्या होत्या का, हेही त्या केसपेपरवर कधी येत नाही. ज्या हार्मोनच्या एका इंजेक्शनवर टाटाने हजार बायकांची चाचणी केली, त्याचा भाऊबंद बाई देवासाठी गुपचूप घेऊन येते आणि आपण लिहितो 'रेग्युलर'.

आक्षेप मला माहीत आहेत. एका सर्जन मित्राने मला तोंडावर सांगितलं, "अगं, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींची गाठ इतकी मोठी असते की आधी किमो द्यावी लागते. किमोत पाळीच थांबते. तुझी तारीख कुठे बसवू?" बरोबर आहे. ज्यांची थांबली, त्यांच्या कागदावर 'थांबली, अमुक तारखेपासून' एवढं लिहा. तीही माहितीच आहे. दुसरा आक्षेप, की मोठ्या अभ्यासांनी 'फरक नाही' म्हटलं आहे, मग आता कशाला? पण ते अभ्यास ब्रिटन-अमेरिकेतले. तिथे स्तनाचा कॅन्सर होणाऱ्यांत पाळी गेलेल्या बायकाच जास्त, म्हणून हा प्रश्न त्यांच्यासाठी कडेचा. भारतात हा आजार सरासरी दहा वर्षं आधी गाठतो आणि पेशंटपैकी निम्म्याच्या आसपास पन्नाशीच्या आतल्या असतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने हा कॅन्सर होतो आणि ९८ हजारांहून जास्त जातात. हा प्रश्न जगात कुणाच्या अंगणातला असेल तर आपल्या.

आणि प्रश्न संपलेलाही नाही. २०२४ च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमच्या कॅन्सर संस्थेचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. उंदरांच्या माद्यांमध्ये किमोचा पहिला डोस चक्राच्या कोणत्या टप्प्यावर दिला, यावर गाठ किती आक्रसते ते बदलत होतं. उंदीर म्हणजे बाई नव्हे, १९८९ नंतरचा अनुभव आपल्याला तेवढं शिकवून गेला आहे. पण उद्या कुणाला हा प्रश्न माणसांत मोठ्या प्रमाणावर तपासायचा झाला तर पुन्हा जुने कागद उघडावे लागतील, आणि पुन्हा त्यात 'रेग्युलर' सापडेल. वीस वर्षांचा घोळ आपण एकदा बघितला. तो एका रकान्याने टळला असता.

मागणी मोठी नाही. शेवटच्या दोन पाळ्यांच्या तारखा, चक्र किती दिवसांचं, गेल्या दोन महिन्यांत पाळी पुढे-मागे करण्याच्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या का. ऑपरेशनच्या सकाळी रक्त काढतातच, मोठ्या संस्थांनी त्यातलंच थोडं प्रोजेस्टेरॉनसाठी बाजूला ठेवावं. हे प्रश्न नर्सने विचारावेत, पडदा ओढून. उत्तरामुळे ऑपरेशनची तारीख एका दिवसानेही हलणार नाही, हे बाईला त्याच वेळी सांगावं, म्हणजे ती घरी जाऊन बोटांवर दिवस मोजत बसणार नाही.

ताई आता बरी आहे. सहा महिन्यांपूर्वी तिला फॉलोअपसाठी एमआरआय सांगितला, तेव्हा त्या विभागातून फोन आला. पलीकडच्या मुलीने सरळ विचारलं, "ताई, शेवटची तारीख कोणती?" ताईने फोन कानाला धरूनच ओट्यावरचं कॅलेंडर उलटलं. टॅमॉक्सिफेन सुरू झाल्यापासून ठिपके विरळ झालेत, कधी दोन महिन्यांनी एखादा. तिने चार पानं मागे जाऊन तारीख सांगितली, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "हिने विचारलं बघ."